निळ्या बिल्ल्यांची पंगत

लक्ष्मीबाई नगर, दिल्ली
गुरुवार, दुपार

प्रिय सुखदाबाळ,

आजीचे पोटभर आशीर्वाद. आधी डब्यातल्या अळूवड्या खा, मग हे वाच. आयएनए मार्केटात त्या मल्याळी बाईकडे अळूची पानं मिळाली, हत्तीच्या कानाएवढी. मी हरखून आठ पानं घेतली, तर तुझी आई म्हणते, आई, घरात माणसं तीन नि वड्या लग्नाच्या. म्हटलं, चौथं माणूस मुनिरकाला आहे ना! तुझा बाबा हेरंब उद्या ऑफिसला जाता जाता तुझ्या खोलीवर डबा देईल, त्यातच ही चिठ्ठी घातलीय. अक्षराला हसू नकोस. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे ते, ओळीवर चालत नाही. कागद तुझ्याच पहिलीच्या वहीतले, मागचे कोरे. पुढे तू काढलेली शेळी आहे, पाच पायांची. पाचवा पाय म्हणजे शेपूट, असं तू मला डोळे वटारून सांगितलं होतंस. तेव्हापासून तुझं ऐकायची मला सवय.

आमच्याकडे सगळं ठीक. दसऱ्याला हेरंबने झेंडू आणला, तो अजून दारावर वाळतोय. गोठ्यावर कामाला होता त्या रामफलचा फोन आला होता. तुमच्या फरीदाबादच्या गोठ्यातल्या शेळ्या विकल्या तेव्हा टिकली त्याने घेतली होती ना, तिला जुळं झालं. ओरडून ओरडून सांगत होता, अम्मा, तेरी टिकली ने दो दिए, दोनों बकरियाँ! मी पण ओरडून अच्छा अच्छा म्हटलं, साखर वाटली, शेजारच्या मिश्रीणबाईंना जाऊन सांगितलं. सगळं केलं बघ. पण आत काही हललं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं. हल्ली सगळंच तसं आहे. जेवते, पण मीठ कमी की जास्त ते तुझ्या आईला, सुरेखाला विचारावं लागतं.

सोमवारी तुला त्या समितीला उत्तर द्यायचंय, हेरंबने सांगितलं. बाभळीच्या शेंगांच्या प्रयोगाला पुढच्या तीन वर्षांचा निधी नाही, काही म्हणणं असेल तर सोमवारपर्यंत कळवा, असं त्यांचं पत्र आहे म्हणे. आणि तू 'म्हणणं काही नाही' असं लिहून मोकळी होणार, मग पुण्याच्या पशुखाद्याच्या कंपनीत जाऊन गोण्या खपवणार. वाईट काही नाही त्यात. कामाला लाज कसली. पण निकाल कळला त्या दिवशी तू घरी आलीस ती मला रोज दिसते. रडली असतीस तर मी पदर पुढे केला असता. तू रडलीच नाहीस. बाल्कनीत बसून गोठ्यातले गमबूट घेतलेस आणि काडीने तळव्यातली माती काढत बसलीस, एकेका खाचेतली. आई चहा ठेवून गेली, त्यावर साय आली. मी विचारलं, काय झालं गं, तर म्हणालीस, बिल्कुल खतम, आजी. शेंगा खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या शेळ्यांत काही फरकच नाही. आजोबांचं चुकलं, माझंही चुकलं. आणि पुन्हा काडी.

आजोबांचं नाव काढलंस म्हणून सांगते. आटपाडीला गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते, डॉक्टर नव्हते, पण लोक डॉक्टरला सोडून मुरलीधरअण्णांना हाक मारायचे. शेळी आणली की आधी तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायचे. आत डाळिंबासारखं लाल असलं की शेळी बरी. ताकासारखं पांढरं दिसलं की पोटात जंत, रक्त पितायत. औषध संपलेलं असायचं, महिना महिना यायचं नाही, आणि आलं तरी पुढेपुढे त्या औषधाला जंत जुमानायचे नाहीत. मग सांगायचे, बाभळीखाली ने, शेंगा खाऊ दे. लोक हसायचे, अण्णा, फुकटचं औषध देता! तू उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचीस, तेव्हा तुलाही त्यांनी पापणी ओढायला शिकवलं. तू दिल्लीला परत जाऊन वर्गातल्या मुलींच्या पापण्या ओढून बघितल्यास नि बाईंनी हेरंबला शाळेत बोलावलं. तेच पुढे तू शिकलीस, पदवी घेतलीस, मोठ्या लोकांपुढे उभं राहून सरकारकडून त्याच शेंगांसाठी पैसा मिळवलास. तो दिवस आठवतो का? मी आटपाडीच्या चाळीतल्या बायकांना फोन करून सांगितलं, आमच्या अण्णांच्या शेंगा सरकारला पटल्या म्हणून.

फरीदाबादचे ते तीन महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यात मजेचे. तू म्हणालीस, आजी, सोबतीला चल, दोन भाकऱ्या टाक, बाकी आराम कर. कसला आराम! गोठा बघितला आणि माझे हात शिवशिवायला लागले. वीस शेळ्या, दहांच्या कानात पिवळे बिल्ले, दहांच्या निळे, मध्ये बांबूचं कुंपण. कुणालाच जंताचं औषध द्यायचं नाही. सगळ्यांना सारखा चारा, सारखा कोंडा, पण पिवळ्या बिल्लेवाल्यांच्या कोंड्यात शेंगांचा भरडा. तू दर सोमवारी लेंड्या डब्यांत भरून न्यायचीस आणि त्या भिंगाच्या यंत्राखाली जंतांची अंडी बघत बसायचीस. मला एकदा दाखवलंस, मी म्हटलं, साबुदाणाच की गं. रामफल म्हणायचा, अम्मा, आपकी पोती इतना पढ़ के बकरी की मेंगनी गिनती है. मी म्हटलं, तू काय गिनता है, बीडियाँ? असा हसला तो. माझं हिंदी ऐकून तू कानावर हात ठेवायचीस, पण शेळ्यांना समजायचं.

त्यात तुझा निधीचा दुसरा हप्ता अडकला. कुठल्या तरी टेबलावर कागद पडून होता. तू रोज फोनवर सर, सर करत होतीस. एका संध्याकाळी रामफलला म्हणालीस, शेंगा आता जपून वापर, पुढचं पोतं कधी येईल सांगता येत नाही. मी चुलीपाशी ऐकत होते. शेळीच्या पोटाला काय माहीत मार्चअखेर. नंतर रामफल गहू काढायला कालव्यापलीकडे त्याच्या गावी गेला, तुझ्या दिल्लीच्या फेऱ्या वाढल्या, आणि सकाळचा घास घालायचं काम माझ्याकडे आलं. तू कागदावर लिहून दिलं होतंस, कुणाला किती. मी वाचलं, अक्षरन् अक्षर पाळलं. पिवळ्यांना जेवढं लिहिलं होतंस त्यात कणही कमी केला नाही, आजोबांची शप्पथ.

पण निळ्या बिल्ल्याच्या त्या टिकलीचं काय सांगू. मी पिवळ्यांच्या घमेल्यात भरडा कालवायला लागले की ती बांबूतून तोंड घालायची नि नाकपुड्या फुलवून वास घ्यायची. ओरडायची नाही गं. ओरडली असती तर मी तिला दटावलं असतं. नुसती बघायची. मी तिची पापणी ओढून बघितली, ताक. बाकीच्या निळ्यांचीही तीच गत. तुला एकदा म्हटलं, हा पंक्तिप्रपंच बरा नाही, तर तू म्हणालीस, वो क्या होता है, आजी? दिल्लीत वाढलेली पोर, तुला कुठून ठाऊक असणार. तेव्हा तू घाईत होतीस, आता सांगते. माझं लग्न होऊन महिना झाला असेल. घरी सत्यनारायण, अंगणात पंगत बसली होती आणि तूप वाढायचं काम माझ्याकडे. पंगतीत माझा धाकटा भाऊ होता, उपाशी चेहऱ्याचा, त्याच्या भातावर मी दोनदा धार धरली. सासूबाईंनी भर पंगतीत माझ्या हातून तुपाचं भांडं काढून घेतलं. म्हणाल्या, एका पंगतीत एकाला एक नि दुसऱ्याला एक वाढणारीच्या हातचा नैवेद्य देव घेत नाही. वर्षभर मला पंगतीत वाढू दिलं नाही. बावन्न वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या हातून पोळीचा तुकडासुद्धा कमीजास्त पडलेला नाही. हेरंबला विचार, तो आणि त्याची बहीण माझ्या वाट्या शेजारी ठेवून बघायचे, कधी फरक सापडला नाही.

सकाळी मी कालव्याकडे फिरायला जायची, ते तुला आठवत असेल. तू कौतुकाने म्हणायचीस, आजीचे गुडघे माझ्यापेक्षा बरे. तिथे पुलाच्या अलीकडे सगळी विलायती कीकर, तिचा उपयोग नाही. देशी कीकर, म्हणजे आपली बाभूळ, पुलापलीकडे. चैत्र-वैशाखात तिच्याखाली शेंगांचा सडा पडतो, मण्यांच्या माळा तुटून पडाव्यात तशा. मी पिशवी घेऊन जायची. परकरी पोरीसारखी वाकून वाकून वेचायची. इतका आनंद मला कधी झाला नाही, खरं सांगते. परत येताना मी गाणं म्हणायची.

आता अठरा दिवसांपूर्वीचं. निकालाच्या त्या दिवशी तू मुनिरकाला निघून गेल्यावर मी हेरंबला विचारलं, काही फरक नाही म्हणजे नेमकं काय रे, शेळ्या तर सगळ्या चांगल्या झाल्या होत्या. तो म्हणाला, आई, तेच तर. तू दोन भांड्यांत दूध ठेवलंस, एकात विरजण घातलंस, एकात नाही, आणि सकाळी दोन्हींत दही लागलं, तर विरजणाने दही लागतं असं कसं म्हणशील? समितीवाले म्हणाले, दोन्हीकडचे जंत उन्हाळ्यानेच कमी झाले असणार. ते निळे बिल्ले त्याचसाठी होते, बिनविरजणाचं भांडं. सुखदाने सहा वर्षं घातली यात, असं म्हणून तो टीव्हीकडे वळला. मी वरण वाढत होते. डाव हातात तसाच राहिला. सुरेखा म्हणाली, आई, वरण सांडतंय. त्या दिवसापासून ती सुई उतरलेली नाही.

तर बाळ, आता लिहिते. निळ्यांना मी शेंगा घातल्या. निधी अडकलाय, शेंगा पुरत नाहीत, म्हणून तू निम्म्यांनाच देतेस, असं मी समजले. एवढीशी गोष्ट, पोरीला कशाला सांगा, आपण वेचून आणू, पंगत पुरी करू. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवसापासून वटपौर्णिमेपर्यंत, रोज सकाळी, दगडाने ठेचून, दर निळ्या शेळीला एक ओंजळ. एकही दिवस चुकला नाही, एकीलाही कमी नाही, जास्त नाही. शेवटी टिकलीची पापणी मी उलटून बघितली होती, डाळिंब झालं होतं. अठरा दिवस मी गप्प बसले, कारण तू मला पुन्हा आजी म्हणशील की नाही ते कळेना. पण काल दूध विरजताना हेरंबचं बोलणं आठवलं आणि माझा हातच थांबला. अगं, विरजण दोन्ही भांड्यांत होतं! दही लागणारच! आजोबांचं चुकलं नाही, तुझं चुकलं नाही, चुकलं ते मी वाढलेलं. सोमवारी 'म्हणणं काही नाही' असं लिहू नकोस. या म्हातारीचं म्हणणं आहे, ते लिही, आणि पुन्हा करू द्या म्हणून माग. खोटं वाटलं त्यांना तर मला ने, मी त्या टेबलासमोर बसून सांगेन, रामफललाही साक्षीला बोलवेन, कालव्यावर मला रोज बघायचा तो, पिशवी घेऊन. मी फोन केला होता त्याला. वेचलेल्या शेंगांचं अर्धं पोतं त्याच्या माळ्यावर अजून आहे. किती घातल्या ते तोळ्यामाशांत मला सांगता येत नाही, मी लिहून ठेवलं नाही. पण तुमच्याकडे तो काचेच्या पेटीतला काटा आहे ना? शनिवारी ये, मला फरीदाबादला घेऊन चल. मी ओंजळ भरते, तू वजन कर. दहा वेळा भरायला लाव, वीस वेळा भरायला लाव. सारखीच भरेल.

रागावलीस तरी डबा परत पाठव, झाकण घट्ट बसणारा तेवढा एकच आहे.

तुझीच,
पंगत बिघडवलेली आजी