काट्याच्या भिंतीवरचं इंग्रजी

१ जानेवारी १९३२, अकोला. सकाळी साडेआठ.
आजपासून रोज पाचाला उठणे. आज सुरुवात म्हणून आठाला.

बातमी पक्की आहे. आमच्या कंपनीच्या अमरावतीच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हेडक्लार्कची जागा रिकामी झाली. मुंबईचे मोठे साहेब २३ तारखेला इथलं जिन पाहायला येणार, मग माणूस ठरवणार. इथे क्लार्क एकच, मी. अमरावतीचे क्लार्क उत्तमराव, त्यांचं इंग्रजी तार वाचण्यापुरतं. म्हणजे जागा माझी झालीच आहे, साहेबांना ते कळायचं तेवढं बाकी. बायकोला, सत्यवतीला म्हटलं, सामान बांधायला घे. ती म्हणाली, आधी अंथरूण उचला.

४ जानेवारी
नुसतं आपल्याला इंग्रजी येऊन काय उपयोग? हाताखालची माणसं इंग्रजी बोलली तर साहेब थक्क होतील. जेवणाच्या सुट्टीत वर्ग काढला. विद्यार्थी तीन. काट्यावर कापूस तोलणारा अब्दुल सत्तार, इंजिनवाले खुशालराव आणि फाटकावरचा सूर्यभान.

विषय मीच निवडला: ऑल्वेज, युज्वली, ऑफन, समटाइम्स, सेल्डम, नेव्हर. एखादी गोष्ट किती वेळा घडते ते सांगणारे शब्द, ‘नेहमी’पासून ‘क्वचित’ आणि ‘कधीच नाही’पर्यंत. माझ्या मते सगळं ब्रिटिश राज्य या सहा शब्दांवर चालतं. पहिलं वाक्य लिहिलं: आय ऑल्वेज राइज ॲट फाइव्ह. खुशालरावांनी विचारलं, काल आठाचा भोंगा झाला तेव्हा तुमच्या तोंडात राखुंडी होती ना? व्याकरण चालू असताना खाजगी प्रश्न विचारू नयेत असं समजावलं.

७ जानेवारी
पुस्तकातली वाक्यं निरुपयोगी. सगळीकडे बर्फ आणि मेंढपाळ. वाक्यं आपल्या जिनातली हवीत, आणि ज्याने जे डोळ्यांनी पाहिलं तेच त्याने बोलावं.

सत्तारने फार चांगली शंका काढली. ऑफन म्हणायला एखादी गोष्ट किती वेळा व्हावी लागते? उत्तर त्याच्याच भिंतीवर सापडलं. कापसाचा बोरा तोलला की तो काट्यामागच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारतो. चार उभ्या, पाचवी आडवी. तीच पद्धत इंग्रजीला लावली. रोज पाहायचं, रेघ मारायची. दहापैकी दहा वेळा तर ऑल्वेज, एकदाही नाही तर नेव्हर, मधले शब्द मध्ये.

पाहायचं कोणाकडे? मीच तोड काढली. माझ्याकडे पाहा म्हटलं. समोर नमुना चांगला असला की शिकणारा चुकत नाही.

१२ जानेवारी
पाचाला उठणे अजून जमलेलं नाही. थंडी फार. सत्यवती उठवत नाही. उठवते असं ती म्हणते, पण मला तसं काही आठवत नाही.

वर्ग मात्र जोरात. मी दिसलो की तिघेही कोळसा उचलतात. नऊ वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे इतक्या बारकाईने कोणी पाहिलं नव्हतं. जेवणानंतर रुईच्या गाठीला टेकून जरा विचार करत होतो. चाराला डोळे उघडले तर सूर्यभान समोर उभा. श्वाससुद्धा हळू घेत होता. याला म्हणतात विद्यार्थी.

१६ जानेवारी
जेवताना सत्यवतीला भिंतीची हकीकत सांगितली. तिचा हात थांबला. म्हणाली, "दुपारी झोपता, काटा कदी तपासत नाही, अन् हे सारं भिंतीवर मांडू देऊन राहिले? साहेब यायच्या आधी पुसून टाका."

व्याकरणात व्यक्तीला महत्त्व नसतं, हे तिला पटत नाही. बोलणं बंद आहे. पाठ तयार करायला निवांत वेळ मिळतो.

२१ जानेवारी
सत्तारही हळूच म्हणाला की भिंत पुसतो, आम्हाला बरं नाही वाटत. साफ नाही म्हटलं. ती भिंत म्हणजे माझ्या शिकवण्याचा पुरावा. चुना लावून कडेने चौकट काढून घेतली.

२३ जानेवारी. संध्याकाळ.
ऐतिहासिक दिवस!

साहेबांनी भिंत पाहून विचारलं, हे काय? इंग्रजीचा वर्ग म्हटल्यावर खूश झाले. सूर्यभानला विचारलं, बाबू वेळेवर येतात का? तो ताठ उभा राहून म्हणाला, "बाबू सेल्डम कम्स ऑन टाइम." कम्समधला स सुद्धा विसरला नाही. माझा ऊर भरून आला. खुशालराव म्हणाले, "बाबू युज्वली स्लीप्स आफ्टर लंच." शब्द क्रियापदाच्या बरोबर आधी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नम्रपणे मान लववली.

मग सत्तारला विचारलं, काटा बरोबर आहे की नाही ते बाबू तपासतात का? माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी, आणि खाली मान घालून म्हणतो, मालूम नाही! मला घाम फुटला. मी मागून शब्द पुरवला, नेव्हर. पुन्हा पुरवला. तेव्हा कसंबसं म्हणाला, "बाबू चेक्स नेव्हर द काटा."

एवढी मोठी चूक, साहेबांसमोर! राहवलं नाही. मोठ्याने म्हटलं, "नो, सत्तार. बाबू नेव्हर चेक्स द काटा. से इट अगेन." तीनदा म्हणून घेतलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

२४ जानेवारी
अमरावतीला घर बघायला पत्र टाकलं. पाचाला उठणे तिथे गेल्यावर.

३० जानेवारी
साहेबांचं पत्र. माझ्या शिकवण्याची फार तारीफ आहे. माणसं इतकं अचूक बोलतात की त्यांच्यावर अविश्वास ठेवायला जागाच नाही, असं लिहिलंय. हेडक्लार्क उत्तमराव. माझी बदली वलगावजवळच्या लहान जिनात, काटा तपासण्यावर. दिवसभर उभं राहायचं.

दोनदा वाचलं. मग कोणीतरी चावटपणा केला असेल म्हणून सही पाहिली. सही खरी आहे.

संध्याकाळी सत्तार घरी आला. बस म्हटलं तरी बसला नाही. मी म्हटलं, तू तरी सांभाळून घ्यायचं होतंस.

"बाबूजी, मी त मालूम नाही म्हनलो होतो. तुमीच माह्या तोंडून काढलं."

फार लाज वाटली. त्याच्या बोलण्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.