डोळ्यातला कोळसा

४ जानेवारी

पुन्हा सांगितली. मंडळाच्या बैठकीत, चहा यायच्या आत.

वाफेच्या इंजिनाची शेवटची सहल. खिडकीशी बसलेली तरुणी. गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि तिच्या डोळ्यात कोळशाचा कण जातो. समोर बसलेला तरुण रुमालाचा कोपरा करून तो अलगद काढतो. "आणि ती तरुणी" — इथे नवरा नेहमी थांबतो — "आता आतून चहा घेऊन येते आहे."

मी चहा घेऊन आले. टाळ्या!

मी त्या गाडीत नव्हते.

५ जानेवारी

आमची ओळख ग्रंथालयात झाली. मी काउंटरवर होते. त्यानं भिजून फुगलेलं पुस्तक परत आणलं, मी घेईना. ते पावसानं भिजलं की चहानं, यावर वाद झाला. अजून मिटलेला नाही. यात चारचौघांत सांगण्याजोगं काही नाही, हे मलाही कळतं.

गोष्ट लग्नानंतर आली. कुणाकडे तरी जेवायला गेलो होतो. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसले — आणि ती माझी संमती धरली गेली. सुरुवातीला नुसता रुमाल होता. मग रुमालाला कोपरा आला. मग कोपऱ्यावर भरतकामाचं अक्षर. बोगदा बराच उशिरा आला, नवरा निवृत्त झाल्यावर.

पहिल्या खेपेला बोलले नाही. नंतर बोलायची वेळ गेली. पण एक प्रश्न घरात राहतोच आहे, भाडेकरूसारखा.

मी नव्हते, तर कोण होती?

१२ जानेवारी

मंडळाचं नाव 'वाफ'. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. कार्यवाह माझा नवरा. सभासद सगळे निवृत्त आणि सगळ्यांना घरातून बाहेर पडायला कारण हवं.

मालधक्क्यामागच्या शेडमध्ये ते जुनं इंजिन उभं आहे. हेच म्हणे त्या शेवटच्या सहलीचं. रेल्वेनं ते भंगारात काढलं होतं. मंडळानं मुदत मागून घेतली. फेब्रुवारीत ते एकदा चालवून दाखवायचं. शेडपासून, फाटक ओलांडून, पुलापर्यंत. चाललं तर संग्रहालय, नाही चाललं तर भट्टी.

डॉक्टर म्हणाले, "लोखंड कुणी बघायला येत नाही, वहिनी. माणसं येतात ती प्रेमासाठी."

म्हणून मी. एका फलकावर.

२० जानेवारी

फलकाचा मजकूर तपासायला माझ्याकडेच! "शुद्धलेखन तुमच्याइतकं कुणाचं नाही, वहिनी."

मी माझ्या डोळ्यातला अनुस्वार काढला. 'अलगद'नंतरचं उद्गारचिन्ह काढलं. एक 'प्रेमळ' काढला. शेवटच्या ओळीत मंडळाची शंका होती: डोळा — डावा की उजवा?

नवऱ्याला विचारलं.

"डावा," तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

मागच्या वर्षी उजवा होता. मी 'डावा' लिहिलं. एवढं तपशीलवार खोटं मी कधी इतक्या शुद्ध भाषेत वाचलेलं नाही.

२७ जानेवारी

नणंदेला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर सहलीचं काढलं.

"दादा? एकटाच गेला होता की! चार महिने आधीपासून डोकं खाल्लं होतं आमचं. पांढरा शर्ट घालून निघाला, आई म्हणाली, अरे कोळशाचं इंजिन आहे, तो काय ऐकतोय. आणि गंमत सांगू? संध्याकाळी आला तर शर्ट लखलखीत! डबा तसाच परत. झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

"काही बोलला का?"

"तोंड शिवल्यासारखा बसला होता आठवडाभर. मी आईला म्हटलं, झालं, हा पडला प्रेमात! तेव्हा तुझीच काळजी करत असेल, डोळा बरा झाला की नाही म्हणून. हो ना?"

"हो," मी म्हणाले.

म्हणजे तिनं आपल्या डब्यातलं खाऊ घातलं. वाऱ्याची दिशा ओळखून त्याला धुरापासून दूर बसवलं. हुशार बाई. दुपारपर्यंत तिला उंची आली, लांब मान आली. संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं — ती माझ्यापेक्षा हसरी आहे.

२ फेब्रुवारी

शेडमध्ये बैठक. चहाचा थर्मास घेऊन मीही गेले.

मंडळानं एक फोरमन धरून आणलाय, जुन्या कारखान्यातला. तो चाकांना जोडणारा दांडा घासत होता. रंगाखाली आकडा निघाला. पुढच्या पितळी पाटीवर एक आकडा, दांड्यावर दुसरा. मग त्यानं खालचा सांगाडा घासला. तिथेही दुसराच.

"दांडे बदलतात हो, आम्हीच याचे त्याला लावायचो. पण सांगाडा बदलत नाही. हे सहलीचं इंजिन नव्हेच. हे यार्डात डबे ढकलायचं. जन्मात फाटकापलीकडे गेलेलं नाही."

"मग सहलीचं कुठे गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"वितळलं असेल. कुणाच्या तरी जिन्याचा कठडा झाला असेल."

"मग पाटी कशी काय याला?"

"सुंदर दिसते म्हणून लावली असेल कुणी."

डॉक्टर म्हणाले, "हे बघा. कॅप बसवली तरी दात पेशंटचाच म्हणतात."

नवरा उठला. विम्याच्या कचेरीत लोकांना हप्ते समजावून सांगायचा तोच आवाज. "लोकांच्या आठवणी पाटीशी जोडलेल्या आहेत. पाटी खरी आहे. पाटीच्या मागे काय आहे, हा तांत्रिक प्रश्न आहे."

ठराव: सांगाड्यावरच्या आणि दांड्यावरच्या आकड्यांवर रंगाचे दोन हात द्यावेत. एकमतानं मंजूर. फोरमननंही हात वर केला. "भट्टीत जाण्यापेक्षा दुसऱ्याच्या नावानं उभं राहिलेलं बरं."

मी कप गोळा केले. निघताना त्या इंजिनाला पहिल्यांदाच हात लावला. गार होतं. बिचारं.

३ फेब्रुवारी

पाटी खरी आहे! काय माणूस आहे हा.

९ फेब्रुवारी

आज विचारलं. सरळ. तो टेबलावर इंजिनाची शिट्टी ठेवून चिंचोक्याएवढ्या फडक्यानं पुसत बसला होता.

"अहो, ती कोण होती?"

"कोण ती?"

"जिच्या डोळ्यात गेला."

त्यानं फडकं थांबवलं. "तूच की."

"मी ग्रंथालयात होते. तुम्ही पुस्तक भिजवून आणलं होतं."

"पावसानं भिजलं होतं ते."

"विषय बदलू नका. इतकी वर्षं मी तिचं नाव लावून उभी आहे. निदान मला तरी माहीत हवं. कोण होती?"

तो शिट्टीकडे बघत राहिला. कान लाल झालेले. एवढे लाल मी साठीनंतर कुणाचे पाहिले नव्हते. मग म्हणाला, "आता फलक छापायला गेलाय गं."

हे उत्तर!

आणि ते कान. अजून आठवते त्याला. चांगलीच.

१५ फेब्रुवारी

रंगीत तालीम. इंजिन हललं. स्वतःहून, पण थोडंच. म्हणून त्या दिवशी मागे एक डिझेल इंजिन जोडणार — "फक्त धीर द्यायला," इति डॉक्टर. ते डब्यासारखं दिसावं म्हणून त्याला तपकिरी कापडाचा झगा शिवलाय. त्यावर खिडक्या रंगवल्यात. एका खिडकीत हात हलवणारं बाळ.

धुरावरून भांडण. फोरमन म्हणतो, कोळसा नीट जाळला तर धूर काळा येत नाही. डॉक्टर म्हणाले, "मग नीट जाळू नका!" तेलात भिजवलेल्या चिंध्या आणल्या आहेत. फोटोत धूर दिसला पाहिजे.

आणि मधल्या खऱ्या डब्यात मी खिडकीशी. नवरा समोर. पूल आला की त्यानं रुमाल काढायचा, मी डोळा मिटायचा — डावा. मग डॉक्टर माइक पुढे करणार आणि मी आठवण सांगणार. रुमाल नवा आणलाय. कोपऱ्यावर अक्षरही भरून घेतलंय. माझं.

माझं म्हणजे पाटीचं.

२१ फेब्रुवारी

उद्या. ठरवलंय. माइक समोर आला की एकच वाक्य: "त्या गाडीत मी नव्हते." तोंडात घोळवून पाहिलं, छान आहे. एकही विशेषण नाही.

मंडळाचं हसं होईल. नवऱ्याचं तर होईलच. होऊ दे. पुढचं त्यानं बघावं. तिला बोलवावं, फलकावर तिचा फोटो लावावा. कान लाल करून बसावं दोघांनी.

नवरा संध्याकाळभर रुमालाची घडी घालतो, मोडतो, पुन्हा घालतो. एकदा म्हणाला, "तू उद्या काही बोलणार आहेस का?"

मी म्हणाले, "आठवेल ते बोलेन."

२२ फेब्रुवारी

चाललं! फाटक मागे पडलं तेव्हा फोरमननं शिट्टी इतकी लांबवली की डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले. पुलाच्या बरंच अलीकडे भट्टीत चिंध्या पडल्या आणि खिडकीतून काळा लोट आत आला. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. खरंच. उजव्या. कळ अशी की ओरडलेच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वा, काय अभिनय!

नवरा रुमाल घेऊन वाकला. कोपरा कपाळावर टेकला, मग नाकावर. मग नवरा माझ्या कानाशी पुटपुटला. "कसं काढतात गं हे? मी कधी काढलेला नाही."

"मग ती?"

"कुणी नव्हती. मी गाडीतच नव्हतो. चुकीच्या फलाटावर उभा राहिलो होतो. गाडी समोरून गेली."

मी माझ्या हातानं पापणी वर धरली. त्याला म्हटलं, आतल्या कोपऱ्याकडे ढकला, दाबू नका. निघाला. रुमालावर बारीक काळा ठिपका, माझ्या अक्षराच्या बाजूला.

डॉक्टरांनी माइक पुढे केला. "वहिनी, आठवतंय ना सगळं?"

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. दोन्ही.

मी म्हणाले, "उजवा डोळा होता. फलक दुरुस्त करा."