नाकावरील चामखीळ काढल्याची तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
माननीय मुख्य वैद्यकीय अधिकारी,
सरकारी तालुका रुग्णालय, कल्लगुंडी (कर्नाटक)

विषय : डॉ. अक्षता कुबसद यांच्याविरुद्धची चौकशी थांबविणेबाबत.
संदर्भ : माझाच मागील अर्ज, जो रागाच्या भरात लिहिला होता.

महोदय,

१) मी विरूपाक्ष शिवलिंगप्पा होंबळ, बनदम्मा नाट्य संघात खलनायकाची कामे करतो. माझ्या नाकाच्या डाव्या बाजूस बोराएवढी केसाळ चामखीळ होती. मी नुसता रंगमंचावर आलो तरी बायका बोटे मोडून "मेल्या, तुझं वाटोळं होवो" असे ओरडत. तीच माझी कमाई.

२) पाठीवरची चरबीची गाठ पोशाखाखाली काचू लागल्याने मी बाह्यरुग्ण विभागात आलो. डॉक्टरबाईंनी बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन ती बोलता बोलता काढली. टाके घालून मला उताणे केले व म्हणाल्या, "अण्णा, नाकावरचीही काढू का? पाच मिनिटांचं काम." मी डोळे मिटून कुलदेवतेचा धावा करीत होतो. तोंडातून "हूं" निघाले. माझा तो हुंकार होता. त्यांनी तो होकार धरला.

३) काम सुबक झाले, हे मान्य करणे भाग आहे. पत्नी गौरव्वा म्हणाली, "लग्नाआधीच काढली असतीत तर मी मांडवात रडले नसते." तिने होळिगेवर, म्हणजे आमच्या पुरणपोळीवर, तुपाची धारही जास्त धरली. परंतु नाटकाच्या तंबूत अनर्थ झाला. मी नायिकेला फरपटत नेत असता एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "जा गं पोरी, बरा दिसतोय माणूस." संघाचे मालक कोट्रप्पा म्हणाले, "तुमचं तोंड बघून मलाच मुलगी द्यावीशी वाटते."

मग मेणाची चामखीळ लावली. ती ऐन वधाच्या प्रसंगी घामाने सुटली. नायकाने तलवार काखोटीला मारली, चामखीळ उचलली आणि "काका, तुमचं पडलं" म्हणून अदबीने हातात दिली. त्यानंतर मी रीतसर मेलो, पण कोणीही ते मनावर घेतले नाही.

४) त्या संतापात मी "चामखीळ परत बसवून मिळावी, अन्यथा डॉक्टरांवर कारवाई व्हावी" असा अर्ज केला. आपण तत्परतेने चौकशी लावलीत. टाके काढताना डॉक्टरबाई एवढेच म्हणाल्या, "अण्णा, ती कचऱ्यात गेली हो. आता कुठून आणू?" त्यांचा आवाज कापत होता, हात मात्र नाही. मला एकही टाका दुखला नाही.

५) दरम्यान मालकांनी मला नायिकेच्या बापाचे काम दिले. हा अपमान समजून मी रुसलो, पण उभा राहिलो. मुलीला सासरी धाडताना "नीट राहा गं बाळ" एवढेच वाक्य होते. ते बोललो आणि तंबूत कोणी खोकलेसुद्धा नाही. पडदा पडल्यावर एक अनोळखी बाई पडद्यामागे आली. तिने माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि विचारले, "अप्पा, जेवलात का?"

महोदय, प्रेक्षकांतून मला आजवर असे कोणी विचारले नव्हते. मी तिथेच उभ्याने तो लाडू खाल्ला.

तरी डॉक्टरबाईंवरील चौकशी कृपया थांबवावी. नियमानुसार ती थांबत नसल्यास माझा जबाब सकाळीच घ्यावा. संध्याकाळी मला मुलगी सासरी पाठवायची असते.

आपला कृतज्ञ,
विरूपाक्ष शि. होंबळ
(बाप, पूर्वीचा खलनायक)
कल्लगुंडी, दि. १२ फेब्रुवारी

सोबत : शनिवारच्या खेळाचे दोन पास. एक आपणास, एक डॉक्टरबाईंना. रुमाल आणावेत.