अर्थचा बोल्ट

११ नोव्हेंबर, सोमवार

आदिनाथची गाडी परत आली — टो होऊन! मागच्या मंगळवारीच आमच्या वर्कशॉपमधून गेली होती. नवा बंपर, दोन्ही हेडलाइट काढून बसवलेले. काल दिवेलागणीला वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. गाडी चरात. त्याला खरचटलंही नाही. शेजारी आई बसलेली, रतनबाई. तिचं मनगट मोडलं.

बाई स्वतः आल्या होत्या, हात गळ्यात बांधून. "आरं, दिवंच गेलं की! पोरानं करकचून ब्रेक दाबला म्हून आमी हाय." एक शिवी नाही. मी पाणी नेऊन दिलं तर मलाच म्हणाल्या, "बस की लेका, दमला आसशील."

आमचे सुपरवायझर अर्जुनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्योतीराम, तूच बघ. दुसऱ्या कुणाला सापडायचं न्हाई." छाती फुगली. खोटं कशाला लिहू?

१२ नोव्हेंबर

फ्यूज ठीक. रिले ठीक. बल्ब शाबूत. प्लगपर्यंत करंट पुरता येतोय, बारा पॉइंट चार व्होल्ट. तरी दिवा मेणबत्तीसारखा, आणि इंडिकेटर दिला की हेडलाइटही त्याच्याबरोबर मिचमिचतो. तिथंच ओळखलं. करंट येतोय, पण परत जायला वाट नाही. म्हणजे अर्थ — दिव्यांकडून बॉडीला येऊन बोल्टनं आवळलेली काळी वायर. या गाडीत दोन्ही दिव्यांना मिळून एकच.

बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला. बोल्ट बोटांनी फिरला!

तो बोल्ट मी लावला होता. दिवे नव्या पोरीनं, सुप्रियानं बसवले, बॅटरी आणि अर्थ मी. हातानं दोन आटे दिले, पाना घ्यायला वळलो, तेवढ्यात बायकोचा, विजयश्रीचा फोन — गॅसवाला दारात आहे, पुस्तक कुठं ठेवलंय? बोलणं झालं आणि मी सरळ ट्रे बसवला. पाना लावलाच नाही. सव्वीस वर्षं हे काम करतोय.

अर्जुनराव मागे उभे. "काय निघालं?"

"अर्थ सैल."

"कुणी बसवला?"

मी म्हणालो, "दिव्यांचं काम सुप्रियाकडं होतं."

शब्द न् शब्द खरा. खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर

सुप्रियाला केबिनमध्ये बोलावलं. लातूरकडची पोरगी, आयटीआय करून आलेली, सहा महिने माझ्या हाताखाली आहे. मीटर धरायला मी शिकवलं तिला. बाहेर आली ती थेट माझ्याकडं.

"सर, अर्थ मी लावला होता का? मला तर वाटतंय तुम्ही..."

मी मीटरच्या वायरी गुंडाळत होतो. म्हणालो, "नीट आठव."

नीट आठव! असं म्हणालो मी. वर मान केली नाही.

१५ नोव्हेंबर

तिला वॉशिंगला लावलं. दिवसभर गाड्या पुसते. मी जेवायला उशिरा गेलो — ती उठून गेल्यावर.

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. सगळं सांगून टाकायचं ठरवून रतनबाईंच्या गावी गेलो, चाकणच्या पुढं. त्यांच्या वावरासमोर आता कंपनीची भिंत. बाईंनी डाव्या हातानं चहा गाळला. अर्धा सांडला, तरी मला उठू देईनात.

"तुमच्या सायबाचा फोन आलता. त्या पोरीला कामावरनं काडू नका बरं का. व्हतंय चुकून. लेकीच्या जातीला तुमच्यात टिकून ऱ्हानं सोपं न्हाई."

चहा प्यालो. दुसराही घेतला. आणि परत आलो! मोशीपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या, घरी येऊन जेवलो.

१९ नोव्हेंबर

सुप्रिया आली नाही. राजीनामा पाठवलाय म्हणे. तिचा लॉकर उघडून ठेवलाय, रिकामा.

विजयश्रीला सगळं सांगितलं.  ती एवढंच म्हणाली — "तिच्या जागी आपली लेक असती तर?"

२० नोव्हेंबर

लिहून दिलं. अर्जुनरावांच्या टेबलावर कागद ठेवला — बोल्ट मी लावला, मी आवळला नाही, सुप्रियाचा संबंध नाही. खाली सही.

त्यांनी दोनदा वाचला. "राव, प्रकरण मिटलंय. कशाला उकरतोस? सिनियर माणूस तू."

"वर पाठवा," म्हणालो. कागद परत घेतला नाही. सुप्रियाला फोन लावला, उचलला नाही. त्या कागदाचा फोटो पाठवला तिला. आठ दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

२२ नोव्हेंबर

सुप्रियाचा फोन आला. "सर, माझ्यासाठी कशाला खोटं लिहून दिलं? बोल्ट मीच सैल ठेवला. रोज आठवत बसले, आता मला स्वच्छ दिसायलंय — पाना माझ्या हातात होता अन् मी आवळलाच नाही."

"नाही गं, मी होतो तो!" तीनदा सांगितलं. ऐकेना. रडत म्हणाली, "देवमाणूस आहात, सर."