काळ्या घरांचा उंट

प्रिय उयांगा,

चार इयत्तांचं माझं अक्षर, ओळी वाळूतल्या सापासारख्या जातील, सांभाळून घे. इकडे गोबीत थंडी सुरू झाली. आपल्या पांढऱ्या सांडणीची दोन्ही कुबडं यंदा कशी ताठ उभी आहेत, बघायला हवी होतीस. हं, तर तुझा बाप चुलून परवा ट्रक घेऊन आला, तो मला न्यायलाच. आपल्या खारट चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "आई, मीठ दोनदा घातलंस. थकलीस आता. उंट विकू, शहरात चल." एवढ्याशा मिठावरून! मी म्हटलं, "शेजारच्या दान्झानला बुद्धिबळात हरवलं, तर मी इथंच राहणार." चुलून इतका हसला की चहा सांडला. तीस वर्षं मी दान्झानकडून हरतेय, त्याला ठाऊक. लगेच कबूल झाला.

का हरायचे, ते तू उन्हाळ्यात दूध काढता काढता सांगितलंस. आपल्या लोकांचा सगळा जीव घोड्यात. पटावरही घोडा वाचवायला मी खुशाल उंट देऊन टाकायचे. तू म्हणालीस, "आजी, घोडा जवळच्या जवळ उड्या मारतो. उंटाला मोकळं रान दे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाईल. दोघांची जोडी मोडू नकोस. आणि आपलीच प्यादी त्यांच्या वाटेत बसवू नकोस." लाजच वाटली गं. जन्मभर उंट पाळले, आणि पटावर मात्र दारात पिंपं मांडून उंट बाहेर का पडत नाही म्हणत होते!

तर डाव बसला. दान्झाननं आपले दोन्ही उंट देऊन माझे दोन्ही घोडे मारले, तेव्हा चुलूननं माझं बोचकं बांधायला घेतलं. दान्झान म्हणाला, "काय डुल्मा, शहरात आता पायी जाणार?" मी एकेक प्यादं बाजूला काढलं, मधलं रान मोकळं केलं. शेवटी त्याच्याकडे राजा आणि दोन घोडे उरले, आणि आपल्या रिवाजात घोड्यानं मात देता येत नाही. माझा एक उंट पांढऱ्या घरांवरून, एक काळ्या घरांवरून, मागून माझा राजा. कोपऱ्यात गाठला त्याला! दान्झान म्हणाला, "हे डोकं तुझं नाही, तुझ्या नातीचं." मी म्हटलं, "नात कुणाची आहे?" चुलून मुकाट्यानं बोचकं सोडायला लागला.

सकाळी दार उघडलं की समोर माझे उंट असतात. ते तू राखलंस, पोरी. ट्रक रिकामा परत पाठवायला बरं वाटेना. वाळलेलं दही आहे, आणि लोकरीच्या मोज्यात आजोबांनी कोरलेला काळ्या घरांचा उंट. तो तुझा. पांढऱ्या घरांचा माझ्याजवळ. पांढऱ्या महिन्यात नव्या वर्षाच्या सणाला येशील तेव्हा घेऊन ये. तोवर त्याच्या जागी मेंढीच्या घोट्याचं हाड मांडते. दान्झान कुरकुरतो, पण रोज येतो.

तुझीच, अजून इथंच असलेली,
आजी डुल्मा