हळदीला नाही म्हणायचं नसतं

माय, तुझे पिवळे हात मला कालपासून सारखे दिसून राहिलेत आणि मला फार भीती वाटतेय.

लातूर नवा जिल्हा झाला ते दुष्काळाचे दिवस. तू हळदीच्या कारखान्यात कामाला जायचीस. पाण्याविना हळकुंडं फिकी निघालेली, म्हणून मुकादम फिरत्या पिंपात मुठीनं पिवळी भुकटी टाकायला लावायचा. मी विचारलं तर म्हणालीस, "पिवडी हाय गं, भिंतीला लावतेत ती. काय होतंय त्यानं?" तुझ्या पोटात तेव्हा बाळ होतं. ते गेलं. दुष्काळाचं पाणी बाधलं, असं सगळे म्हणाले, तूही म्हणालीस. त्याच वर्षी शेजारणीनं लावलेलं हळदीकुंकू मी फ्रॉकला पुसलं, तर तू पाठीत धपाटा घातलास. "हळदीला न्हाई म्हणू नये, भवाने!"

तो धपाटा अजून उतरला नाही बघ. मी आता नांदेडला अन्न सुरक्षा अधिकारी आहे. मागच्या महिन्यात मुदखेडच्या एका दुकानात परदेशातून आलेल्या हळदीचा नमुना घेतला, लाखेचं सील लावलं. निघताना दुकानदाराच्या बायकोनं कुंकू लावलं आणि त्याच पोत्यातली हळद पुडीत बांधून ओटीत घातली. नियमानं घ्यायची नसते. पण हळदीला नाही कसं म्हणू? घेतली, आणि इतकी पिवळीधमक म्हणून निलंग्याला लेकीकडे पाठवली. तिला सातवा लागलाय.

काल अहवाल आला. हळदीत शिसं आहे. रंगासाठी घातलेली भुकटी, दिसायला अगदी पिवडीसारखी. विक्री बंद करायच्या कागदावर सही केली आणि लेकीला फोन लावला.

"ती हळद फेकून दे, आत्ताच."

"का गं आई? रोज दुधात घेऊन राहिले की. लई छान रंग हाय."

"अळ्या झाल्यात त्यात."

ती हसली, म्हणाली चाळून घेते. मी ओरडलेच तिच्यावर, तेव्हा कुठे फेकली.

तिचं रक्त तपासायला पाहिजे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण कारण सांगावं लागेल. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. मग हे लिहायला बसले, जे टपालात टाकायचंच नाही.

माय, पाणी बाधलं म्हणालीस तेव्हा तुला खरंच माहीत नव्हतं ना? मला माहीत होतं, तरी मी अळ्या म्हणाले.