चहाखालचा दगड

सिल्वासा, रविवार, १९ जानेवारी १९९२

सुरंगी गावाच्या वाटेवरचं ते जुनं फार्महाऊस. आता तिथं चहा मिळतो. कौलं, ओसरी, सगळं देखणं. आंब्याखाली एक कोरीव दगड आडवा टाकून टेबल केलंय.

चहा आणणाऱ्या वारली बाईनं कप ठेवण्याआधी दगडापाशी मातीत थोडा चहा ओतला. हे खेकसले, "सांडतेस काय?"

"माझ्या सासऱ्याचा दगड हाय, साहेब. तो मेला तवा उभा केलेला. पयला घोट त्याचा."

आणि त्यावर आमची बिस्किटं! मी कप उचलून हातात धरला, एवढंच. उठून का गेले नाही?

तिथल्या मालकानं तिला दगड पुसायला लावला. आजाऱ्याचं तोंड पुसावं तसा तिनं पुसला.

निघताना ह्यांनी पुढच्या रविवारी पाहुण्यांसाठी हेच टेबल राखून ठेवायला सांगितलं.